ठसा, मोहर आणि ईदचे कार्ड

शबे-बरातचा हलवा संपतो न संपतो तोच आमच्या घरी ईदकार्डाची गडबड सुरू होई. शहरातील वाचकांना हे चमत्कारिक वाटेल, कारण शबे-बरातपासून ईद दीड महिना लांब असते. परंतु कोकणातील खाडीकाठच्या आमच्या गावात निम्म्या घरांतील कर्ते पुरुष बोटीवर. त्यांना पाठवायचे पत्र प्रथम मुंबईला कंपनीच्या कचेरीत जाई आणि तेथून बोट ज्या बंदराला लागायची असेल तिकडे रवाना होई. ईदला पोचवायचे असेल तर रमजानपूर्वीच ते टपालात टाकणे भाग असे.

माझी आई कुरआन शरीफ सुरेख वाचत असे, पण लिहिणे तिला येत नव्हते. वडिलांना जाणारी सारी पत्रे मीच लिहीत असे. ती शेजारी बसून सांगे, मी कागदावर उतरवी. सातवीत असताना माझ्या मनात आले की, या पत्रात आईच्या हातचे असे काहीच नसते. शाळेत त्या वर्षी चित्रकलेच्या तासाला बटाट्याचे आणि भेंडीचे ठसे काढायला शिकवले होते. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली की पाच पाकळ्यांचे फूल उमटते, हे तुम्हां विद्यार्थ्यांनाही ठाऊक असेल. मी ठरवले की ‘ईद मुबारक’ असा ठसा करायचा आणि तो आईने स्वतः कार्डावर उठवायचा. दोन संध्याकाळ खपून, दाढीच्या जुन्या पात्याने एका मोठ्या खोडरबरावर ती अक्षरे कोरली. बोट कापले ते वेगळेच. शाई लावून ठसा दाबला आणि पाहतो तो सारी अक्षरे उलटी! आरशात धरावे तरच वाचता येतील अशी.

तो ठसा वाया गेला. पण ज्या उलटसुलटपणाने माझी फजिती केली त्याच्याशी माणसाची पाच हजार वर्षांची ओळख आहे, हे मला पुढे इतिहास वाचताना कळले. हा लेख त्या वाचनातून आलेला आहे.

सिंधू नदीच्या खोऱ्यात, हडप्पा आणि मोहेंजोदडो येथे, शंखजिऱ्याच्या मऊ दगडाच्या शेकडो मुद्रा सापडल्या. कोणीवर बैल, कोणीवर हत्ती, आणि वरच्या बाजूस अद्याप कोणाला न वाचता आलेली लिपी. व्यापाऱ्याने मालाची गाठोडी बांधावीत, दोरीच्या गाठीवर ओली माती थापावी आणि तीवर मुद्रा दाबावी, अशी ती पद्धत. मुद्रेवरची चिन्हे उलटी कोरलेली, मातीवर मात्र सुलटी उमटणारी. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांना जे कळत होते ते मला सातवीत कळले नाही.

कागदावर ठसा उठवण्याची कला चीनमध्ये वाढली. इ. स. ८६८ ही तारीख असलेले, लाकडी ठशांनी छापलेले एक बौद्ध सूत्र तुनहुआंगच्या गुहेत मिळाले. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आपल्याकडे शाळेत मुद्रणाचा इतिहास गुटेनबर्गपासून, म्हणजे पंधराव्या शतकाच्या मध्यापासून सुरू करतात. हा आरंभ फार उशिराचा आहे. युरोपच्या कितीतरी आधी मुस्लिम जगातही ठशाने छापण्याचे काम होत होते, आणि ही गोष्ट आपल्या समाजातील सुशिक्षितांनाही फारशी माहीत नसते. इजिप्तच्या कोरड्या मातीत दहाव्या ते चौदाव्या शतकांतील अरबी मजकुराच्या छापील कागदी पट्ट्या मिळाल्या आहेत. त्या तावीजांत घडी करून ठेवण्यासाठी असत. या ठशाला ‘तर्श’ म्हणत. दहाव्या शतकातील अबू दुलफ या कवीच्या एका कसीद्यात हा शब्द येतो, आणि तोही भटक्या भिकाऱ्यांच्या व फसव्यांच्या धंद्यांच्या यादीत! याचा अर्थ उघड आहे. विद्वानांच्या लेखी ही प्रतिष्ठेची कला नव्हती; गोरगरिबांना स्वस्तात तावीज विकणाऱ्यांची ती युक्ती होती.

इराणमध्ये एक प्रयोग झाला तो तर राजाज्ञेनेच. मंगोल सुलतान गयखातू याचा खजिना रिकामा झाला, तेव्हा इ. स. १२९४ मध्ये तबरीझ शहरात चीनच्या धर्तीवर ठशाने छापलेल्या कागदी नोटा काढण्यात आल्या. त्यांना ‘चाव’ म्हणत. नोटेवर कलमाही होता आणि चिनी अक्षरेही होती. बाजाराने ती नोट घेतली नाही. दुकाने बंद पडली, धान्य मिळेनासे झाले, आणि दोन-अडीच महिन्यांत तो हुकूम मागे घ्यावा लागला. ठसा कितीही चांगला कोरलेला असो, त्यामागे पत नसेल तर कागद हा कागदच राहतो.

मग किताबे छापण्यासाठी हा ठसा का वापरला गेला नाही, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. माझ्या मते याचे मोठे कारण कातिबांचा, म्हणजे सुलेखनकारांचा मान हे होय. ज्या समाजात सुंदर अक्षर हीच सर्वांत वरची कला मानली गेली, त्याला लाकडात कोरलेले जाडेभरडे अक्षर कसे रुचावे? आपल्या देशात १८२० च्या दशकात शिळाप्रेस आला, तेव्हा मात्र चित्र पालटले. शिळेवर कातिबाच्या हातचे वळण जसेच्या तसे उतरते. म्हणून लखनौ आणि मुंबई येथे उर्दू, फारसी व अरबी पुस्तकांचे शिळाछाप कारखाने भराभर निघाले. मुंबईची शिळाछाप पुस्तके समुद्रापार जात असत.

मोहरेची गोष्ट याहून वेगळी. तिला पहिल्यापासून मान होता. हजरत मुहम्मद पैगंबर (सल्ल.) यांनी रूमच्या बादशहास पत्र पाठवण्याचे ठरवले, तेव्हा मोहर नसलेले पत्र ते लोक स्वीकारत नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले. त्यावरून चांदीची अंगठी करवून तीवर ‘मुहम्मद, रसूल, अल्लाह’ असे तीन शब्द तीन ओळींत कोरवण्यात आले. हदीसमध्ये ही हकीकत आहे. ती अंगठी पुढे हजरत अबूबक्र, हजरत उमर आणि हजरत उस्मान यांच्या बोटात राहिली. हजरत उस्मान यांच्या काळात ती मदीनेतील अरीस नावाच्या विहिरीत पडली. तीन दिवस शोध घेतला, विहीर उपसली, पण ती मिळाली नाही.

आपल्या महाराष्ट्रातील दप्तरांतही मोहरेचा हाच मान दिसतो. ‘शिक्का’, ‘मोहर’, ‘मोर्तब’, एवढेच काय ‘कागद’ आणि ‘दप्तर’ हे शब्दही अरबी-फारसीतून मराठीत आले आणि येथलेच होऊन गेले. मराठेशाहीतील पत्राला डोक्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब असे. मोर्तबाचा अर्थ असा की पत्र येथे संपले. याखाली कोणी एक ओळही घुसडू नये. ‘शिक्कामोर्तब होणे’ असे आपण बोलताना म्हणतो ते यावरून. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात सरदार-वतनदारांच्या मोहरा बहुधा फारसीत असत. महाराजांनी आपली मुद्रा संस्कृतात करवली, आणि तिच्यात प्रतिपदेच्या वाढत्या चंद्रकोरीची उपमा आहे. नवा चाँद वाढीचे लक्षण आहे, ही भावना कोणा एका धर्माची नव्हे.

कागदाचेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. मुहम्मद तुघलकाने इ. स. १३२७ च्या सुमारास दिल्लीहून राजधानी देवगिरीस आणली. त्या धामधुमीत आलेल्या कागज्यांनी येथे वस्ती केली, असे परंपरेने सांगतात. चिंध्या कुजवून, कुटून, हौदातील लगद्यात जाळी बुडवून एकेक ताव काढायचा आणि दगडाने घोटून गुळगुळीत करायचा, असे ते काम. जुन्नरचे कागजीही असेच प्रसिद्ध होते. पेशवाईतील कारकुनांची लेखणी जुन्नरी कागदावर चाललेली आहे. हे कागजी मुसलमान होते, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. ज्या कागदांच्या आधारे मराठ्यांचा इतिहास लिहिला गेला, त्यांतले कितीतरी या कारागिरांच्या ओल्या हातांनी काढलेले आहेत.

ठशांची खरी श्रीमंती पाहायची असेल तर कापडाकडे वळावे. कैरोजवळच्या फुस्तात या जुन्या शहराच्या उकिरड्यांत सुती कापडाचे छापील तुकडे मिळाले. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात त्यांतील सुमारे १२०० तुकडे आहेत. हे कापड गुजरातचे. काही तुकडे हजार वर्षांपूर्वीचे ठरले आहेत. भरुच-खंबायतच्या बाजूने गलबतात चढलेले चीट लाल समुद्रातून मिसरला जाई आणि तेथील सामान्य बायाबापड्या ते वापरीत. राजवाड्यातील रेशीम जतन झाले यात नवल नाही. गरिबाचे फाटके चीट कचऱ्यात टिकून राहिले आणि त्याने हा व्यापार उघडकीस आणला.

याच कुळातले अजरख आजही कच्छमध्ये होते. सिंधमधून आलेल्या खत्री रंगाऱ्यांना कच्छच्या राव भारमलांनी सोळाव्या शतकात वसवले, आणि ही खत्री घराणी आज मुसलमान आहेत. त्यांचे धमडका हे गाव २००१ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाले. त्यांनी भुजजवळ अजरखपूर नावाचे नवे गाव वसवले. अजरख या शब्दाचा संबंध ‘अझरक’ म्हणजे निळा या अरबी शब्दाशी लावतात. नीळ आणि मंजिष्ठ, निळा आणि लाल. यांच्यातून चांदण्यांची नक्षी फुलते. एका नक्षीला एक ठसा पुरत नाही. बाह्यरेषेचा तो रेख, आतला भाग भरणारा तो दत्ता, आणि जमीन रंगवणारा तो गद. तिन्ही ठसे नेमके एकमेकांवर बसले पाहिजेत. केसभर सरकले तरी कापड बिघडते. सागवानी ठसे गांधीनगरजवळील पेथापूरचे कारागीर कोरत आले आहेत. मोठ्या ठशाच्या लाकडात आरपार बारीक छिद्रे पाडलेली असतात. रंग आणि कापड यांच्यात हवा अडकून राहू नये म्हणून ही योजना. एवढीशी छिद्रे, पण त्यांमागे किती पिढ्यांचा अनुभव असेल!

आता कार्डाकडे येऊ. शुभेच्छाकार्ड ही मूळची टपालखात्याची कृपा म्हणावी लागेल. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत कोठेही पत्र जाऊ लागले. या सुधारणेच्या कामात असलेल्या हेन्री कोल नावाच्या गृहस्थास नाताळची पत्रे लिहायला सवड होईना, म्हणून त्याने १८४३ मध्ये जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक कार्ड काढवून घेतले. हजार प्रती शिळेवर छापून हाताने रंगवल्या. किंमत एक शिलिंग. मध्ये मेजवानीला बसलेले कुटुंब आणि दोन्ही बाजूंस गरिबांना अन्न व वस्त्र देण्याची चित्रे. मेजवानीतील मद्याच्या पेल्यांवरून त्या काळच्या दारूबंदीवाल्यांनी ओरड केली. आपल्याला मात्र कडेच्या दोन चित्रांचे अप्रूप वाटावे. सणाच्या दिवशी आधी गरिबाची आठवण, हा विचार आपल्या फित्र्याहून वेगळा नाही.

आपल्याकडे १८५४ साली सर्व देशासाठी एकच दर आला. अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पाव तोळ्याचे पत्र पेशावरपासून मद्रासपर्यंत कोठेही जाऊ लागले. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. आगगाडी होतीच. नोकरीधंद्यासाठी माणसे घरापासून लांब जाऊ लागली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ईदकार्डाची चाल रुजली. प्रारंभी स्वतंत्र ईदकार्डे कोठून असणार? युरोपात छापलेली गुलाबाच्या फुलांची, गोऱ्या मुलांची, बर्फाच्या देखाव्यांची कार्डे येथे येत. त्यांवर उर्दूत ‘ईद मुबारक’ असा मजकूर वरून घालून ती विकली जात. नाताळचे कार्ड ईदचे होऊन जाई! पुढे लाहोर, दिल्ली आणि मुंबई येथे खास ईदकार्डे छापणारे निघाले आणि त्यांवर मशिदी, चाँद, गळाभेट घेणारी मुले दिसू लागली. मुंबईत भेंडीबाजार आणि महंमदअली रोडवर रमजानात या कार्डांची दुकाने मांडलेली पुष्कळ वाचकांना आठवत असतील.

काहीजण म्हणतील की परक्यांच्या कार्डावर आपला मजकूर घालणे ही उसनवारी झाली. मला तसे वाटत नाही. कल्पना कोठून सुचते, असे मुले विचारतात, तेव्हा मी त्यांना हेच उदाहरण देतो. समोर जे आहे त्यात आपले काय घालता येईल, असे पाहणारा डोळा लागतो. अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीतील दगडी जाळीत एक झाड आहे. मशीद १५७३ च्या सुमाराची. त्या जाळीवरून आयआयएम या संस्थेने आपले बोधचिन्ह घेतले. विजापूरच्या इब्राहीम रोजाच्या खिडक्यांत जाळी म्हणून अक्षरेच कोरली आहेत. उजेड त्यांतूनच आत येतो. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात पितळेने मढवलेले दार आहे. त्यावरील लेखात अताउल्ला आणि हंसपतराय अशी दोन नावे शेजारी शेजारी आहेत. त्या दाराच्या वेलबुट्टीवरून कोणीही विद्यार्थी चार ठसे सहज काढील. घरातील हिमरूची शाल, आजीची नक्षीची पेटी, हेही चालेल.

मोहम्मद झकारिया हे कॅलिफोर्नियात वाढलेले गृहस्थ. यंत्रावर काम करणारे कारागीर. अरबी अक्षराच्या सौंदर्याने ते मोहित झाले, पुढे इस्लामचा स्वीकार केला आणि रीतसर शागिर्दी करून तुर्की उस्तादांकडून १९८८ मध्ये सुलेखनाची इजाजत मिळवली. बोरूची लेखणी ते स्वतः कापतात, शाई स्वतः करतात, कागदही स्वतः घोटून तयार करतात. अमेरिकेच्या टपालखात्याने १ सप्टेंबर २००१ रोजी ईदचे पहिले तिकीट काढले, त्यावरील निळ्या जमिनीवरचे सोनेरी अक्षर त्यांचे आहे. अवघ्या दहा दिवसांनी न्यूयॉर्कची दुर्घटना घडली. तिकीट बंद करावे अशी मागणी झाली. परंतु ते बंद झाले नाही, पुढे दर वाढले तसे नव्या किमतीत पुन्हा पुन्हा निघाले.

कार्डे मात्र कमी झाली. तारखात्याने शुभेच्छांना क्रमांक दिले होते. दिवाळीला एक आणि ईदला दोन. तारेत नुसता ‘दोन’ धाडला की पलीकडे ‘ईद मुबारक’ छापून मिळे. २०१३ च्या जुलैत तारच बंद झाली. मोबाईल आल्यापासून तर एकच चित्र शंभर जणांना क्षणात जाते. त्यात वाईट काही नाही. बोटीवरच्या माणसाला दीड महिना वाट पाहावी लागत नाही, ही केवढी सोय! फक्त ते चित्र कोणी काढले हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसते.

ज्या मुलांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी माझ्या फजितीवरचा उपाय सांगतो. आमच्या चित्रकलेच्या गुरुजींनी तो मला दाखवला. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने अक्षरे ठळक, नेहमीसारखी सुलटी लिहावीत. तो कागद खोडरबरावर पालथा ठेवून पाठीमागून नखाने घासावा. अक्षरे रबरावर आपोआप उलटी उतरतात. रेषांच्या बाजूचा भाग कोरून काढावा, रेषा ठेवाव्यात. पाते वापरताना मोठ्या माणसाला शेजारी बसवावे. जुन्या फडक्याच्या चार घड्या करून त्यांवर दाट रंग पसरावा, ठसा त्यावर टेकवावा. कार्डाखाली वर्तमानपत्राची गादी घालावी. ठसा सरळ दाबावा आणि सरळच उचलावा. हलवला की अक्षर फिसकटते.

या उपायाने माझी अक्षरे सुलटी झाली. चाँद मात्र मी वेगळा केला, जुन्या स्लिपरच्या तळव्याचा. त्यात काय उलटे-सुलटे, अशा समजुतीने आदल्या ईदला खाडीवर जसा पाहिला तसाच थेट कोरला. आईने प्रथम अक्षरांचा ठसा उठवला, मग चाँदाचा. तिच्या बोटांना शाई लागली, कार्डाच्या कोपऱ्यावरही थोडी लागली. ते कार्ड गेले.

वडिलांचे उत्तर बकरी ईदच्या सुमारास आले. कार्ड पोचले, फार आनंद झाला, बोटीवरच्या सगळ्यांना दाखवले, असे लिहून खाली त्यांनी एक ओळ जोडली होती: ‘तुमचा चाँद ईदचा नाही. ही कोर पहाटे पूर्वेला दिसते, महिना संपताना.’ जन्मभर आकाश पाहून दिवस मोजणारा माणूस तो! ईदच्या संध्याकाळी कोरीची उजळ बाजू मावळत्या सूर्याकडे, आपल्या उजव्या हाताला असते. माझ्या ठशाने ती डावीकडे नेली होती.

पुढच्या शबे-बरातीला मी दुसऱ्या स्लिपरचा तळवा शोधू लागलो. आईने विचारले, काय शोधतोस? मी सांगितले की चाँद पुन्हा कोरायला हवा, उलटा झाला आहे. तिने जुना ठसा माझ्या हातातून घेतला, क्षणभर पाहिला, वरचे टोक खाली येईल असा फिरवला आणि कार्डावर दाबला.